आरंभी शिल्लक

महिन्याच्या बावीस तारखेला रात्री मनूचा फोन आला. “मावशी, पाचशे रुपये टाकशील का गं? तीन तारखेला बाबांचे आले की देते. आणि आईला बोलू नकोस.”

पैसे टाकायला अर्धं मिनिट पुरलं. झोप मात्र बारा वाजून गेले तरी लागेना. पाचशे रुपयांचं काही नव्हतं. ‘आईला बोलू नकोस’ हे तीन शब्द कानात राहिले होते. तीस वर्षांपूर्वी मीही ते असेच कुणाकुणाला म्हटले होते, फक्त ‘आई’च्या जागी ‘आप्पा’ होते.

मनू माझी भाची, धुळ्याची. इथे बडोद्याला फाइन आर्ट्सच्या पहिल्या वर्षाला आहे आणि फतेहगंजातल्या एका खासगी हॉस्टेलात राहते. हॉस्टेलचे आणि मेसचे पैसे तिचे बाबा सहामाहीचे एकदम भरतात. वरखर्चाला दर महिन्याच्या तीन तारखेला साडेसहा हजार येतात. रंग, कागद, रिक्षा, रिचार्ज, साबण-तेल सगळं त्यातच. मी दांडिया बाजारात राहते आणि एका शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिते. आमच्या घराण्यात पैशाचं कुणाचं काही अडलं की ते फिरून माझ्याकडेच येतं.

रविवारी मनू जेवायला आली ती हातात मोठा कागद गुंडाळून. पानं वाढायच्या आधीच तिने तो जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. जलरंगात काढलेलं एक वर्तुळ होतं. निम्मा भाग निळा, त्यात लिहिलेलं ‘गरजा ५० टक्के’. नारिंगी भाग ‘हौस ३० टक्के’. हिरवा ‘बचत २० टक्के’. निळा आणि हिरवा जिथे एकमेकांत उतरले होते तिथे अशी काही छटा आली होती की मी हिशेब विसरून तेवढंच बघत राहिले.

“मी बजेट केलंय,” ती म्हणाली. “या महिन्यापासून पाळणार.”

“सुंदर आहे गं. पण यात तुझं काय आहे?”

“म्हणजे?”

“हे आकडे कुठून आले?”

ते मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून आले होते. पन्नास-तीस-वीसचा हा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार येतो, घरभाडं ठरलेलं आहे, अशा माणसाला तो उपयोगी पडतो. पण मनूची कॅडमियम रेडची ट्यूब निळ्यात घालायची की नारिंगीत? ती विचारात पडली. साधी, स्टुडंट क्वालिटीची ट्यूब ही गरज. मग तोच लाल रंग आर्टिस्ट क्वालिटीचा घेतला तर ती हौस का? जुरीला, म्हणजे परीक्षकांपुढे, चित्र लावायचं असेल तर? आम्ही दोघी त्या एका ट्यूबवर दहा मिनिटं बोललो आणि ती कुठेच बसेना.

बजेटला मराठीत अर्थसंकल्प म्हणतात, आणि मला तो शब्द मनापासून आवडतो. घरी सत्यनारायण असला की गुरुजी संकल्प सोडायला लावतात. पळीभर पाणी हातावर घेतलं की लगेच ‘मी अमुक करीन’ असं म्हणायचं नसतं. आधी देश, मग नदी, मग संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार. मग गोत्र आणि नाव. आमच्याकडे गुरुजी ‘नर्मदायाः उत्तरे तीरे’ म्हणतात, कारण बडोदं नर्मदेच्या उत्तरेला. मनू म्हणाली, “आमच्याकडे गोदावर्याः.” बरोबरच आहे, धुळं गोदावरीच्या उत्तरेला. तर आपण नेमके कुठे आणि केव्हा उभे आहोत हे सगळं उच्चारून झाल्यावर शेवटी येतं ते ‘करिष्ये’. मनूने ‘करिष्ये’ रंगवून आणलं होतं. तिथी आणि नदी राहूनच गेली होती.

म्हणून मी तिला सांगितलं, या महिन्यात बजेट करायचं नाही. एक महिना नुसतं लिहायचं. एक पैसासुद्धा वाचवायचा प्रयत्न करायचा नाही, खर्च जसा होतो तसा होऊ द्यायचा, आणि लिहायचं. वही कुणी बघणार नाही. मीही नाही.

ही शेवटची अट मी का घातली ते सांगायचं तर माझ्या वहीबद्दल सांगावं लागेल.

आप्पा कोठीत, म्हणजे इथल्या सरकारी कचेरीत, कारकून होते. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. १९९४ साली मी युनिव्हर्सिटीत कॉमर्सला गेले तेव्हा त्यांनी मला लांबट, लाल पुठ्ठ्याची एक वही आणून दिली आणि स्वतः पहिल्या पानावर रकाने आखून दिले. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, वर आरंभी शिल्लक, खाली अखेर शिल्लक. माझा सगळा पोटापाण्याचा धंदा त्या पानातून उभा राहिला, हे मी कधी विसरणार नाही. दर रविवारी सकाळी चहा झाला की आप्पा वही मागत. तांबडी पेन्सिल घेऊन एकेक ओळ बघत. रागावत नसत. नुसती एखाद्या आकड्याखाली बारीक रेघ ओढत आणि पुढे जात. ती रेघ मला आठवडाभर दिसायची.

मग माझ्या वहीत ‘किरकोळ’ आलं. आधी ‘किरकोळ २’, ‘किरकोळ ५’. बसचं तिकीट किंवा रिफिल असायचं ते, लिहिण्याजोगं नव्हतं म्हणून किरकोळ. मग हळूहळू लिहायची भीती वाटणारं सगळं किरकोळात जायला लागलं. दुसऱ्या वर्षी एके ठिकाणी ‘किरकोळ ६५’ आहे. तेव्हाचे पासष्ट रुपये किरकोळ नव्हते. आप्पांनी त्याखाली रेघ ओढली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता वही परत दिली. ताळा बरोबर होता ना! पै न् पै जुळत होती. पण त्या वहीवरून पुढचं काही ठरवायला कुणी बसलं असतं तर त्याला माझं काहीच कळलं नसतं. दुसऱ्याने तपासायच्या वहीत माणूस ताळा जुळवतो. खरं तो लिहीलच असं नाही.

मला आप्पांना दोष द्यायचा नाही. चार माणसांचं घर एका पगारात चालवणाऱ्या माणसाला मुलीचा पैसा कुठे जातो हे कळायला हवंच होतं. पण ती तपासायची वही होती. समजून घ्यायची वही वेगळी असायला हवी होती, आणि ती मला कुणी दिली नाही. मनूला ती द्यायची एवढंच माझ्या मनात होतं.

जेवणं झाल्यावर, गंमत म्हणून, आम्ही तिच्या फोनमधला मागच्या महिन्याचा यूपीआयचा हिशेब उघडला. मनूला वाटत होतं की लिहायची गरजच नाही, फोन सगळं लिहितोच. खरं आहे, तो एक रुपया विसरत नाही. आप्पांना असं काही मिळालं असतं तर त्यांनी त्याला नमस्कार केला असता. पण ती यादी खाली सरकवत गेलो तसं लक्षात आलं, की पैसे कुणाला गेले हे फोन सांगतो. कशाला गेले ते सांगत नाही. सगळी माणसांची नावं. दुकानावरची पाटी वेगळी, क्यूआरच्या मागचं नाव वेगळं. कुणी एक बेन, कुणी एक भाई, कुणाचं नुसतं आडनाव. “ही कोण?” मी विचारायची. मनू डोळे मिटून आठवायची. “झेरॉक्सवाली असेल. नाही, थांब, बहुतेक भाजी... मी भाजी कशाला घेईन?” एका काकांच्या नावावर चाळीस-चाळीस रुपये एकोणीस वेळा गेले होते. ते काका म्हणजे फॅकल्टीजवळचा पोहे-चहाचा ठेला.

माझ्या तोंडावर आलं होतं, ‘रोज बाहेर खातेस?’ आलेलं मी गिळलं. आजही त्याचा मला आनंद आहे.

संध्याकाळी तिला सोडायला निघाले तर म्हणाली, चालत जाऊ. दांडिया बाजारातून जाताना अरविंद निवास लागतं. पुढे योगी अरविंद म्हणून जगाला माहीत झालेले अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात होते, इथल्या कॉलेजात शिकवत. त्यांच्या एका मराठी विद्यार्थ्याने, पाटकरांनी, त्यांची आठवण लिहून ठेवली आहे. तीन महिन्यांचा पगार एकदम मिळायचा. अरविंदबाबू पैशांची थैली टेबलावरच्या तबकात रिकामी करत आणि लागेल तसे त्यातून घेत. कुलूप नाही, हिशेब नाही. पाटकरांनी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले की आपण भल्या माणसांत राहतो याचा हा पुरावा आहे, आणि हिशेब देव ठेवतो. मनूला हे फार आवडलं. “मग मी पण तबक ठेवू?” मी म्हटलं, ठेव की, पण तबक महिनाअखेरपर्यंत पुरायला हवं.

त्याच बडोद्याच्या खजिन्यातून आणखी एका तरुणाला पैसे जात होते. आधी बी.ए.साठी दरमहा २५ रुपये. मग १९१३ पासून तीन वर्षं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला दरमहा साडेअकरा पौंड; त्या बदल्यात शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची असा करार. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या साडेअकरा पौंडांत स्वतःचं खाणं-राहणं भागवलं, त्यातूनच घरी पाठवलं आणि पुस्तकं घेतली. त्यांच्यासमोर तबक ठेवायची सोय नव्हती. ज्याच्याकडे पैसा बेताचा आहे त्याला मोजावंच लागतं, आणि त्या मोजण्यात कमीपणा कसला? मला तर त्यात मोठी ऐट दिसते. त्यांचा तिथला अभ्यासही याचाच होता: ब्रिटिश अमलात प्रांतांची अंदाजपत्रकं कशी बनत गेली, वरून ठरवून दिलेल्या रकमेवर प्रांत कसे चालत. १९२५ साली तो प्रबंध पुस्तकरूपाने आला तेव्हा त्यांनी तो सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

वरून ठरवून दिलेली रक्कम. मनूचे साडेसहा हजार तसेच आहेत. ते तिने मिळवलेले नाहीत, वाढवणं तिच्या हातात नाही, आणि त्यांच्यामागे कुणाचं तरी न बोललेलं मन आहे. विद्यार्थ्याचं बजेट पगारदार माणसाच्या बजेटची छोटी आवृत्ती नसते ती यामुळे.

कमाटीबागेच्या बाजूने आलो तेव्हा मनूनेच संकल्पभूमीचं नाव काढलं. १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याच्या नोकरीवर हजर झालेल्या बाबासाहेबांना या शहराने राहायला छप्पर दिलं नाही. ते या बागेतल्या झाडाखाली बसून राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिथेच त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला म्हणून ती संकल्पभूमी; दरवर्षी २३ सप्टेंबरला लोक तिथे जमतात. आमच्या शहरात संकल्प हा शब्द फार जपून उच्चारावा असा आहे. आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही.

हॉस्टेलच्या दारात मी तिला पर्समधून आणलेली वही दिली. शंभर पानी, साधी. चार रकाने मी आखून ठेवले होते: तारीख, काय, किती, आणि चौथा ‘तेव्हा’. तेव्हा म्हणजे खर्च झाला त्या वेळी काय चाललं होतं. कुणाबरोबर होतीस, घाईत होतीस का, भूक होती का, कंटाळा होता का. दोन शब्द पुरे. हा रकाना आप्पांच्या वहीत नव्हता. पुढे नोकरीत पंचवीस वर्षं इतरांचे हिशेब लिहून झाल्यावर मला तो सुचला आहे. एकच शब्द वहीत येता कामा नये, असं तिला बजावलं: किरकोळ.

वहीच्या शेवटच्या पानावर मी बारा चौकोनही काढले होते, बारा महिन्यांचे. महिन्याचं बजेट ज्यांच्यामुळे दरवेळी आडवं होतं ते खर्च महिन्याला येतच नाहीत, ते वर्षाला येतात. बडोद्यात राहायचं म्हणजे नवरात्रात गरब्याचा पास आणि चनियाचोळी आली. चौदा जानेवारीला उत्तरायण आलं, पतंग, दोरा, उंधियु-जिलेबी आली. वार्षिक जुरीच्या आधीचा कागद, फ्रेमिंग. दिवाळीत घरी जाणं, सुरतेवरून. हे सगळं तारखेनिशी येणार असतं आणि तरी दरवेळी अचानक आल्यासारखं वाटतं. चौकोन भरताना कळलं, की घरापासून लांब शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुट्टीत गावी जायला रेल्वेच्या स्लीपरच्या भाड्यात निम्मी सवलत असते, कॉलेजातून फॉर्मवर सही-शिक्का आणावा लागतो, हे मनूला ठाऊकच नव्हतं. दोनदा पूर्ण भाडं देऊन आली होती.

महिना गेला. मी मुद्दाम विचारलं नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती आली, वही पिशवीत. मी म्हटलं, मला दाखवू नकोस, वाचावंसं वाटेल तेवढं वाच.

चार दिवस लिहायचे राहिले होते, ते मागाहून भरले होते. सुरुवातीला अक्षर नीटनेटकं, पुढे कोपऱ्याकोपऱ्यात चित्रं. रिक्षावाल्याचा हात, चहाचा ग्लास. तिला पक्की खात्री होती की पैसे सेव-उसळीत जातात, त्यावरून ती स्वतःला महिनाभर बोल लावत आली होती. सेव-उसळ निघाली २१० रुपयांची. अख्ख्या महिन्यात.

ठेल्यावरचा नाश्ता: २२ दिवस, ८८० रुपये. आणि चौथ्या रकान्यात बावीस वेळा तेच: ‘आठचा क्लास’. मेसचा नाश्ता सुरू होतो साडेआठला. नाश्त्याचे पैसे बाबांनी भरलेले, आणि पोरगी रोज उपाशी निघून चाळीस रुपये वेगळे देत होती. त्यात चैन कुठेच नव्हती, दोन घड्याळं जुळत नव्हती एवढंच. मी त्या दिवशी ‘बाहेर खाणं बंद कर’ म्हटलं असतं, तर तिने ते ऐकलंही असतं, आणि साडेदहापर्यंत रिकाम्या पोटी चित्र काढत बसली असती.

“मग मी मेसच्या महाराजांना विचारलं,” मनू म्हणाली. “ते म्हणाले, डबो आपी जा, थेपला मूकी दईश. आता रात्री डबा देऊन ठेवते.”

रंग-कागद १,९४० रुपये. त्यातले बाराशे शेवटच्या आठवड्यात, चौथ्या रकान्यात ‘उद्या सबमिशन’. कॉन्ट्री, म्हणजे मैत्रिणींनी मिळून करायचा खर्च, ११५०, चार वाढदिवस. त्यातले परत आले ४००. उरलेले मागायला लाज वाटते असं तिनेच लिहून ठेवलं होतं. यावर मी काही सुचवलं नाही. मैत्रिणींमधला पैसा हा त्या वयात फार नाजूक मामला असतो आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. फक्त पुढच्या महिन्यात वाढदिवस किती आहेत ते बारा चौकोनांत तिने आधीच लिहिलं होतं.

मग एक ओळ तिने हळू वाचली. धाकट्या भावाचा रिचार्ज. तो तिकडे अकरावीला आहे, दर महिन्याला दीदीकडे मागतो. “हे आई-बाबांना माहीत नाही.” मी मान हलवली. चौथ्या रकान्यात काय होतं ते तिने वाचलं नाही, मी विचारलं नाही.

शेवटी ताळा लावला. पस्तीस रुपये जुळत नव्हते. पुन्हा बेरीज केली, पुन्हा पस्तीस. तिथे तिने आधीच एक ओळ लिहून ठेवली होती: ‘३५ – आठवत नाही.’ माझ्या नोकरीत असं लिहिलं तर मला मेमो मिळेल. पण ती ओळ वाचून मला जे वाटलं ते कुठलाही चोख ताळा बघून कधी वाटलं नव्हतं.

मग आम्ही नवं पान उघडलं. वर तारीख. आरंभी शिल्लक: ११२. त्याखाली तिने स्वतःहून लिहिलं, ‘मावशीचे देणे ५००’. मी म्हटलं, दोन हप्त्यांत दे. तिने खोडून ‘२५० + २५०’ केलं. आता ती रंगांचा आकडा ठरवायला लागली तेव्हा हातात एक महिन्याचा पुरावा होता. ट्यूब गरज की हौस यावर चर्चा झाली नाही. सबमिशनच्या तारखा बघितल्या, दोघी वर्गमैत्रिणींबरोबर कागद एकदम घ्यायचा ठरवलं, आणि आकडा पडला: १,५००.

चहा टाकायला मी आत गेले. बाहेर आले तर मनूच्या मांडीवर माझी लाल पुठ्ठ्याची वही. कपाटातून मीच काढून ठेवली होती, तिला रकाने दाखवायला. ती नेमकी त्या पानावर होती.

“मावशी, हे किरकोळ पासष्ट काय गं? आणि ही रेघ?”

मी सांगितलं. चौघी मैत्रिणींनी एकमेकींच्या आयांच्या साड्या नेसून रावपुऱ्यातल्या एका स्टुडिओत रंगीत फोटो काढून घेतला होता. माझ्या वाटणीचे पासष्ट. त्यातली एक लग्न होऊन दूर गेली, एक आता नाही. फोटो कपाटात आहे, साड्यांच्या खाली.

“दाखव ना.”

मी फोटो आणला. ती बराच वेळ बघत राहिली, मग बाजूला ठेवला आणि पेन्सिल उचलली. आप्पांच्या तांबड्या रेघेच्या बाजूला, त्यांच्या रकान्यात मावेल इतक्या बारीक अक्षरात, ‘किरकोळ’ या शब्दाच्या पुढे कंस करून तिने लिहिलं: फोटो.